मंगयाडीचा बॉयलर

समोरचा माणूस कितीही मोठा असो, त्याचं बोलणं कितीही लांबलेलं असो, ते संपलं की ती एकच शब्द विचारायची. "मंग?"

त्यात उद्धटपणा अजिबात नसायचा. गोष्ट ऐकणारं लेकरू पुढचं ऐकायला जसं अधीर होतं, तशी ती जराशी पुढं झुकायची, हनुवटी वर करायची आणि विचारायची. पण योजना सांगायला आलेल्या माणसाला त्या शब्दाची धडकी भरायची. तालुक्याचे एक साहेब एकदा तांड्यावर शेळीपालनाचे फायदे सांगायला आले होते. शेळ्या मिळतील, म्हणाले. "मंग?" त्यांना पिल्लं होतील. "मंग?" ती बाजारात विकता येतील. "ते बराबर हाय साहेब. पर दसऱ्याला आमी ऊस तोडाया गेलो की मंग? शेळ्या कोनाकडं ठिवाव?" साहेबांनी पाण्याचा ग्लास उचलून पूर्ण रिकामा केला आणि मोकळेपणानं हसत म्हणाले, "याडी, याच्यावर मला विचार करावा लागंल."

तिचं नाव थावरीबाई. बंजारा बोलीत आईला याडी म्हणतात, आणि वयानं मोठ्या प्रत्येक बाईला तांड्यावर याडीच म्हणतात. तेव्हा हिला वेगळं ओळखायचं कसं? म्हणून ती मंगयाडी. हे नाव इतकं रुळलं, की तालुक्यातल्या एका कार्यक्रमाच्या पत्रिकेवर 'श्रीमती मंगलाताई' असं छापून आलं. तिनं ती पत्रिका घरात देवाच्या फोटोशेजारी लावून ठेवली. "माझं बारसं सरकारनं केलं," असं आल्यागेल्याला सांगायची.

मी तिला पहिल्यांदा भेटले तेव्हा मी नुकतीच सेनगावच्या एका संस्थेत कामाला लागले होते. मी आखाडा बाळापूरची. घरची शेती, कॉलेज हिंगोलीत झालेलं, आणि नोकरी म्हणजे टेबल-खुर्ची एवढीच माझी कल्पना होती. मिळालं ते तांडोतांडी फिरायचं काम. युरोपातल्या एका देशाच्या सरकारनं गरिबी कमी करण्याच्या कामासाठी आमच्या संस्थेला अनुदान दिलं होतं. त्या प्रकल्पाचं नाव एवढं लांब होतं की फलकावर ते तीन ओळींत बसवलं होतं. तांड्यावर मात्र त्याला 'फारेनची योजना' असं सुटसुटीत नाव पडलं.

पहिल्याच बैठकीत मी अनुदानाची माहिती सांगितली. बाकीच्या बाया गप्प बसून ऐकत होत्या. मंगयाडी पुढं झुकली.

"बाई, तिकडच्या लोकाईनं आमाला काहून पैसा द्यावा? त्याईची अन् आमची वळख ना पाळख."

मी सांगितलं, तिथले लोक कर भरतात. त्यातला थोडा भाग त्यांचं सरकार गरीब देशांसाठी बाजूला काढतं.

"म्हंजे कोन्या बाईच्या पगारातून कापलेला हाय त्यो पैसा?"

"हो, तसंच म्हणा."

ती हातातल्या पांढऱ्या बलोयांवरून, त्या रुंद बांगड्यांवरून, अंगठा फिरवत राहिली. मग बैठकीतल्या पोरींना म्हणाली, "ऐकलं का गं? सरकारचा म्हून उडवाया न्हाई. तिकडं कोनीतरी बाई सकाळी उठून कामाला जाती, तिचा हाय." त्या दिवसापासून तिच्या बोलण्यात 'तिकडची बाई' आली ती कायमची. बैठकीला कुणी उशिरा आलं की, "तिकडची बाई टायमावर कामाला गेली आसंल, अन् तुमी आता येऊन राहिल्या!" मी अनुदानावर अनेक प्रशिक्षणं केली, जाडजूड पुस्तकं वाचली. पण हा पैसा कुणाच्या तरी घामाचा आहे, हे मला खऱ्या अर्थानं समजलं ते तिच्या तोंडून.

पहिल्या वर्षीच्या आराखड्यात तांड्यातल्या बायांच्या गटाला घरटी एक शिलाई मशीन मंजूर झाली होती. आमचे संस्थाप्रमुख, ज्यांना आम्ही सगळे नुसतं 'सर' म्हणायचो, स्वतः ही बातमी द्यायला आले. सर फार भला माणूस. या तांड्यासाठी त्यांनी किती कार्यालयांचे उंबरे झिजवले होते ते मला माहीत होतं. बाया आनंदल्या. मंगयाडीनं मात्र तिची ती विचारणा सुरू केली, आणि शेवटी तांड्यातल्या प्रत्येक घरात मशीन आली तर झंपर शिवून घ्यायला कोण उरेल, या प्रश्नापाशी गाडी थांबली.

"मग तुम्हाला काय पाहिजे, याडी?" सरांनी विचारलं.

"बॉयलर."

"कसला बॉयलर?"

"हळद शिजवायचा."

आमच्या भागात हळद काढणीला आली की महिना-दोन महिने हवेला तिचाच वास असतो. जमिनीतून काढलेली हळद आधी शिजवायची, मग वाळवायची, मग ड्रममध्ये घालून पॉलिश करायची, तेव्हा कुठं ती वसमतच्या मोंढ्यात विकायला जाते. वाफेवर शिजवणारे बॉयलर आले, पण ते मोजक्या पुरुषांच्या मालकीचे. आपली पाळी येईस्तोवर शेतकरी ताटकळायचा. नाहीतर मोठ्या लोखंडी कढईत, उघड्या जाळावर हळद शिजवायची. ते काम बायांचं. ऊसतोडीवरून परतल्या की तांड्यातल्या बाया गावोगाव त्याच मजुरीला जायच्या.

तांड्याला स्वतःची ओलिताची जमीन नव्हती. सगळा माळ. "आमच्या मातीत हळद व्हत न्हाई," मंगयाडी म्हणाली, "पर आजूबाजूच्या चार गावाईची हळद आमीच शिजवतो. कढईपुढं आमी उभ्या राहतो, तर बॉयलरपुढं काहून न्हाई?"

सर पेचात पडले. मंजूर झालेली बाब बदलायची तर देणाऱ्या देशाच्या कचेरीची परवानगी लागणार. वर्ष संपत आलं होतं. परवानगी आली नाही तर मशीनही जाणार आणि बॉयलरही. त्यांनी हे सगळं समजावून सांगितलं. मलाही वाटलं, मिळतंय ते घ्यावं. निघताना जीपपाशी मी तिला तसं म्हणालेही. ती म्हणाली, "बाई, ज्याचं काम न्हाई त्या मशीनवर उद्या कोंबड्या बसतीन. तिकडच्या बाईनं येऊन पाह्यलं तर तिला काय वाटंल?"

आठवड्यानं ती गटातल्या सगळ्या बायांना घेऊन संस्थेच्या कार्यालयात हजर झाली. आरशांचे घागरे, कवड्यांच्या ओढण्या, पायांत वाजणारे वाळे. कार्यालय भरून गेलं. सरांसमोर उभी राहून म्हणाली, "सर, तुमच्यावर आमचा राग न्हाई. बॉयलर देता आला तर द्या. न्हाईतर ह्या सालाला आमाला काईच नगं. दुसऱ्या गरजू तांड्याला द्या."

मिळणारं अनुदान नाकारणारा गट मी तोवर पाहिला नव्हता आणि सरांनीही नसावा. ते माझ्याकडं वळून म्हणाले, "लिही. आजच पाठवू. जसं त्या म्हणाल्या तसंच लिही."

परवानगीऐवजी त्या कचेरीचं उत्तर आलं, की त्यांची अधिकारी स्वतः येऊन बघेल.

ती आली मार्चमध्ये, उन्हं तापू लागली होती तेव्हा. उंच, पिकल्या केसांची, साधे सुती कपडे घातलेली बाई. आम्ही सतरंजी, हार, नारळ अशी तयारी केली होती. मंगयाडीनं हार घातला आणि लगेच म्हणाली, "चला." कुठं, ते कुणालाच सांगितलं नव्हतं. पांदीच्या वाटेनं ती आम्हाला शेजारच्या गावातल्या एका शेतात घेऊन गेली. तिथं कढई चढलेली होती.

जाळ भडकलेला होता. धूर डोळ्यांत जात होता. दोन बाया लांब दांड्याच्या झाऱ्यानं उकळती हळद उपसत होत्या, वाफ त्यांच्या तोंडावर येत होती. पाहुणीच्या चष्म्याच्या काचा धूसर झाल्या. तिनं चष्मा काढून हातात धरला आणि तशीच उभी राहिली. मंगयाडीची मुलगी कमळी वाळत घातलेली हळद पसरत होती, एक पाय ओढत चालत होती. पाहुणीनं मला खुणेनं विचारलं. मी याडीला विचारलं.

"लहान होती तवा कढईतलं पानी सांडलं," याडी म्हणाली. एवढंच. या मुलीच्या पायाबद्दल तिनं आमच्या कुठल्याच बैठकीत कधी सांगितलं नव्हतं. तेव्हाही तिनं ते दाखवायला आम्हाला आणलं नव्हतं. कमळी रोजच्यासारखी तिथं कामाला होती.

मग याडीनंच पाहुणीला प्रश्न विचारला. मी भाषांतर केलं. "तुमच्याकडं कर कोन भरतं? तुमच्या घरातलं कोनी?"

पाहुणी हसली. म्हणाली, "सगळेच भरतात. माझी आई इस्पितळात फरशी पुसायची. तीसुद्धा भरायची."

हे मी मराठीत सांगितलं आणि मंगयाडीचा चेहराच बदलला. इतके महिने ती जिच्याबद्दल बोलत होती, ती अशी एकदम खरी निघाली होती. तिनं पुढं होऊन पाहुणीचे दोन्ही हात हातात घेतले. त्या हळदीनं पिवळ्या झालेल्या हातांचा रंग गोऱ्या हातांना लागला. "मंग तुमच्या आईला सांगा," ती म्हणाली, "तिचा पैसा वाया जानार न्हाई." मी ते पाहुणीला सांगितलं. गाडीत बसताना ती सरांना म्हणाली, "बॉयलर घ्या."

वसमतच्या कारागिरानं बॉयलर बनवला. चाकांच्या गाड्यावर बसवलेला, ट्रॅक्टरमागं ओढून नेता येईल असा. चार ड्रम, वाफेच्या नळ्या, वर दाब दाखवणारा काटा. त्याच्याकडं जाऊन बाया चालवायला शिकल्या. शिकायला मंगयाडी सगळ्यात मागं होती. काटा वाचायला तिला जमेना. तो कमळीनं हाती घेतला. बसून करायचं काम, पायाची अडचण नाही, नजर मात्र पक्की. "माजी लेक ड्रायवर झाली," याडी म्हणायची.

पुढच्या हंगामात बॉयलर झळकत उभा राहिला आणि काम मात्र येईना. पारावर बसून लोक गंमत करत. शेजारच्या गावचे बापूराव चांगले हळदवाले शेतकरी. ते सगळ्यांत मोठ्यानं म्हणाले होते, "बाया बॉयलर चालवनार, तर आमी घरी भाकरी थापाव काय?" हे बोलणं तांड्यावर पोचलं. गटातल्या तरण्या बाया चिडल्या. मंगयाडीनं बॉयलर पुसायला घेतला. रोज सकाळी ती तो पुसायची.

मग एका दुपारी बापूराव स्वतः मोटारसायकलवरून तांड्यावर आले. त्यांची हळद काढून ढीग लागला होता आणि बॉयलरवाल्यानं त्यांची पाळी सोडून दुसऱ्याच गावाला गाडी नेली होती. ढिगात हात घातला तर आतून गरम लागत होतं. अजून थांबलं तर वर्षाचं पीक हातचं जाणार. बापूराव गाडीवरून उतरले आणि बॉयलरकडं बघत उभे राहिले. बाया एकमेकींकडं बघू लागल्या. आता याडी कसं सुनावते, याची मीसुद्धा वाट बघत होते.

ती म्हणाली, "इहिरीला पानी हाय का?"

"हाय की."

"जळतन?"

"लागंल तेवढं."

"मंग चला. ट्रॅक्टर लावा."

दुसऱ्या दिवशी उजाडताच बॉयलर बापूरावांच्या शेतात लागला. मी दिवसभर तिथंच होते. एक ड्रम उतरला की दुसरा भरायचा. कमळी काट्यावरून नजर हलवत नव्हती. मंगयाडी प्रत्येक ड्रममधलं एक हळकुंड उचलायची, बारीक काडी खुपसायची, मोडून आतला रंग बघायची, आणि मान हलवली की झाकण उघडायचं. वाफ वर जायची ती आता कुणाच्या तोंडावर येत नव्हती. दुपारी बापूराव बांधावरून येताना दिसले. डोक्यावर भाकरीची पाटी, हातात पिठल्याचं पातेलं. भाकरी त्यांनी थापल्या नव्हत्या, पण पाटी स्वतः आणली होती. गटातली एक पोरगी फिसकन हसली. बापूराव लाजले आणि मग तेही हसले. "वाढू का मीच?" म्हणाले, आणि खरंच वाढायला बसले.

ढीग वेळेत शिजला. हळद वाळली, पॉलिश झाली. मोंढ्यात न्यायच्या दिवशी बापूराव पुन्हा तांड्यावर आले. "बायाईनं संगं यावं," म्हणाले. वसमतच्या मोंढ्यात बाया दिसतात त्या झाडायला किंवा निवडायला. या मात्र मालाजवळ उभ्या राहिल्या, घागरे-कवड्यांसकट. हर्रासी सुरू झाली. व्यापारी ढिगाढिगांनी पुढं सरकत होते. बापूरावांच्या ढिगाशी एकानं हळकुंड मोडलं, उन्हात धरलं, दुसऱ्याला दाखवलं. बोली चढत गेली, थांबली, पुन्हा चढली. त्या दिवशीचा सगळ्यात वरचा भाव त्या ढिगाला लागला.

आडत्यानं कौतुकानं विचारलं, "बापूराव, यंदा कोनाचा बॉयलर?"

बापूरावांनी मागं हात केला. "ह्यांचा. आमच्या तांड्याच्या बायांचा."

आसपासचे सगळे वळून बघायला लागले. पदराआड तोंड लपवणाऱ्या बाया मी खूप पाहिल्या आहेत. त्या दिवशी एकीनंही पदर ओढला नाही. मंगयाडीनं हळदीची मूठ उचलली, नाकाशी नेली, आणि रडायलाच लागली. मोठ्यानं, सगळ्या मोंढ्यादेखत. रडता रडता हसत होती.

त्यानंतर कामाला तोटा राहिला नाही. दसरा झाला आणि दरवर्षीप्रमाणे ऊसतोडीला नेणारा ट्रक तांड्यावर आला. या ट्रकात मंगयाडीची उभी हयात गेली होती. कमळीचा जन्मसुद्धा फडावरच्या पाचटाच्या कोपीत झालेला. त्या वर्षी गटातल्या एकाही घरातलं भांडं ट्रकात चढलं नाही. ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला, वाट बघितली आणि अर्धा रिकामा ट्रक घेऊन गेला. बंजाऱ्यांच्या दिवाळीत पोरी हातात दिवे घेऊन घरोघर जातात, थोरांना ओवाळतात. इतकी वर्षं बहुतेक दारांना कुलपं असायची. त्या दिवाळीला दिवेलागणीला मी तांड्यावर होते. पोरी निघाल्या, आणि दारं उघडी होती. प्रत्येक दारात कुणी ना कुणी उभं होतं. मंगयाडी आपल्या दारात बसून पोरींची वाट बघत होती. त्या आल्या तेव्हा तिला ओवाळून घ्यायचंही सुचेना, नुसती त्यांच्याकडं बघत राहिली.

पुढं प्रकल्पाची मुदत संपली. फलक उतरला, मी नांदेडला दुसऱ्या संस्थेत गेले. अनुदान संपलं की यंत्रांना गंज चढतो, असं मी बऱ्याच ठिकाणी पाहिलं आहे. इथं गटानं स्वतःच्या कमाईतून दुसरा बॉयलर घेतला आणि पॉलिशचा ड्रमही. कमळी आता दुसऱ्या गटांच्या पोरींना शिकवते. मला आज कुठल्याही गावासाठी प्रस्ताव लिहायचा असला की आधी तिथल्या बायांसोबत दिवसभर त्यांच्या कामावर जाते, मग लिहायला बसते. ही सवय मला मंगयाडीनं लावली.

आणि मग ती बातमी आली. आफ्रिकेतल्या एका देशात डोंगरात राहणाऱ्या बाया हळद पिकवतात आणि उघड्या कढईत शिजवतात. त्यांना शिकवण्यासाठी आपल्या देशाचं सरकार अनुदान देणार होतं आणि इथल्या गटातल्या दोघींना पाठवणार होतं. निवड झाली मंगयाडीची आणि कमळीची. हे तिला समजावून सांगायला सरांनी मला नांदेडहून बोलावून घेतलं.

"ह्या बारीला पैसा कोनाचा?" तिनं विचारलं.

"आपल्याच सरकारचा. आपण सगळे कर भरतो त्यातला. तुम्ही काडीपेटी घेता, साबण घेता, त्यातसुद्धा कर असतो."

ती विचारात पडली. मग तिच्या चेहऱ्यावर हळूहळू उजेड पसरत गेला.

"म्हंजे आता तिकडची बाई मी झाले?"

"हो याडी. आता तुम्हीच."

ती तडक उठली आणि ही गोष्ट सांगायला घरोघर गेली.

ती गेली, महिनाभर राहिली, तिथल्या बायांना शिकवून आली. तिकडचे फोटो तिच्या घरात आहेत. गेल्या हिवाळ्यात ती गेली, झोपेतच. मोंढा त्या दिवशी आडत्यांनी उशिरा सुरू केला, असं बापूरावांनी मला फोनवर सांगितलं. पण माझ्या डोळ्यांसमोर ती येते ती सेनगावच्या स्टँडवरची, निघाली त्या सकाळची. सगळा तांडा पोचवायला आलेला. कुणीकुणी सांगूनही तिनं साडी नेसली नव्हती. आरशांचा घागराच होता. हिंगोलीची एसटी लागली. मंगयाडी आणि कमळी चढल्या, खिडकीशी बसल्या. कंडक्टर तिकिटं देत आला.

"कुटं जायचं, याडी?"

"आफ्रिकेला."

गाडीत हशा पिकला. कंडक्टरही हसला. "अन् आमच्या गाडीनं कुटवर?"

"हिंगोलीवर दे. दोन."

"बायाईला अर्धं तिकीट हाय," तो म्हणाला.

"ठावं हाय की," मंगयाडी म्हणाली. "हिंगोलीवर अर्धं सरकारचं. तितून पुडं समदंच सरकारचं."

कंडक्टरनं तिच्याकडं पाहिलं, कमळीच्या हातातल्या पासपोर्टकडं पाहिलं, आणि हातातलं मशीन बाजूला ठेवून टाळ्या वाजवायला लागला. मग अख्खी गाडी वाजवायला लागली. खाली तांड्यातल्या बाया नाचत होत्या. ड्रायव्हरनं एक लांबलचक हॉर्न दिला आणि गाडी फाट्याकडं वळली.